हवा थंड, ताट मात्र गरम हवे

परीक्षा आटोपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या, की आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते. ज्यांना सवड आणि ऐपत आहे अशी मंडळी महाबळेश्वरवर समाधान न मानता थेट सिमल्याचा बेत आखतात. दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे काल्क्याहून छोटी गाडी किंवा घाटातून मोटार, दोन रात्री मुक्काम, मॉल रोडवर फेरफटका, कुफ्रीला घोड्यावरून रपेट आणि परत. निघण्यापूर्वी यातले बरेच जण दवाखान्यात डोकावून जातात. गाडी लागू नये म्हणून गोळी मागतात, सर्दी-खोकल्याचे औषध मागतात, स्वेटर किती जाड न्यावा हेही विचारतात. तिथे खायचे काय आणि प्यायचे काय, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. डोंगरावरच्या शहरात दोन-तीन दिवसांसाठी जाणाऱ्याने हॉटेलच्या खिडकीतून काय दिसते याची चौकशी मागाहून करावी. पाणी कुठून येते आणि अन्न कधी शिजले, याची चौकशी आधी करावी. हे मत काहींना रुक्ष वाटेल. सहलीला जाऊन पाण्याच्या टाक्या बघायच्या का, असेही कोणी म्हणेल. पण त्यामागे कारण आहे, ते सांगते.

उंचावरचे पाणी शुद्धच, हा गैरसमज

हिमालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खळाळणारा झरा उभा राहतो. झऱ्याचे पाणी ओंजळीने प्यावे, त्याने भूक लागते, अन्न पचते, असे आपण ऐकत आलो आहोत. निर्जन रानातल्या झऱ्याची गोष्ट वेगळी असेल. सिमला हे मात्र सुमारे २,२०० मीटर, म्हणजे सात हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले भरगच्च शहर आहे. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे १ लाख ७० हजार होती. हंगामात त्यात पर्यटकांची भर पडते, ती वेगळीच.

डोंगराच्या धारेवरच्या शहराची अडचण अशी, की माणसे वर राहतात आणि पाणी खाली दरीत असते. गुम्मा, गिरी अशा योजनांतून ते पंपांनी वर चढवावे लागते. रिजच्या ज्या मोकळ्या पटांगणावर आपण फोटो काढतो, त्याच्याखाली ब्रिटिश काळात बांधलेली पाण्याची मोठी टाकी आहे, हे फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असते. पिण्याचे पाणी असे कष्टाने वर चढते, आणि वापरलेले पाणी आपोआप खाली उतरते. उतारावर प्रत्येक घराच्या वर आणखी एक घर असते. वरच्या घराचे गटार फुटले किंवा शौचकूप पाझरले, तर ती घाण मुरत मुरत खालच्या झऱ्यापर्यंत पोहोचते. रस्त्याकडेला पडणारी पाण्याची धार कितीही थंडगार आणि नितळ दिसली, तरी तिच्या वर काय आहे हे आपल्याला दिसत नाही.

सिमल्यातल्या रहिवाशांनी हे भोगले आहे. २०१५ च्या अखेरीस तिथे काविळीची मोठी साथ आली. नीट शुद्ध न झालेले सांडपाणी अश्वनी खड्ड नावाच्या ओढ्यात मिसळत होते आणि त्याच ओढ्याचे पाणी शहराच्या काही भागाला पिण्यासाठी पुरवले जात होते. शेकडो लोकांना कावीळ झाली, काही जण दगावले. जानेवारी २०१६ मध्ये तिथून होणारा पुरवठा थांबवण्यात आला. पुढे २०१८ च्या मे-जूनमध्ये शहरात पाण्याचा इतका खडखडाट झाला, की पर्यटकांनी सध्या येऊ नये, अशी विनंती तिथल्या रहिवाशांनाच करावी लागली. नळ कोरडा पडला की हॉटेले टँकर मागवतात, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे गिऱ्हाइकाला कळत नाही. उन्हाळ्यात पाणी सर्वांत कमी असते आणि नेमके तेव्हाच आपण तिथे जातो, हे ध्यानात ठेवावे.

यावरून सिमल्याला नावे ठेवण्याचे मात्र कारण नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जंतू सापडला होता. पाणी दूषित व्हायला हिमालयच लागतो असे नाही. फरक इतकाच, की आपल्या गावात पाणी कधी गढूळ येते हे आपल्याला माहीत असते, परगावी ते माहीत नसते.

ही कावीळ उशिरा येते

दूषित पाण्यातून येणारी कावीळ मुख्यतः दोन विषाणूंमुळे होते, हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पुरानंतर काविळीची जी प्रचंड साथ आली, ती ई विषाणूची होती हे पुढे कित्येक वर्षांनी, जुने नमुने तपासल्यावर सिद्ध झाले. सिमल्याच्या साथीतही प्रामुख्याने हाच विषाणू होता.

हा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात. तोवर सहलीचे फोटो दाखवून झालेले असतात आणि शाळाही सुरू झालेल्या असतात. सहलीहून आल्यावर महिना-दीड महिन्याने पिवळे डोळे घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. "डॉक्टर, आम्ही तर घरचेच जेवतो," असे ते सांगतात, आणि त्यात खोटे काहीच नसते. सहल त्यांच्या आठवणीत असते, पण आजाराशी तिचा संबंध त्यांच्या मनात येत नाही.

धडधाकट माणूस यातून बहुधा विश्रांतीने बरा होतो. गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरातल्या वीस ते पंचवीस बायकांपर्यंत मृत्यू ओढवू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुनेला सातवा लागण्याआधी थंड हवेला नेऊन आणू, असे कौतुकाने म्हणणाऱ्या सासूबाईंना मी हा आकडा आवर्जून सांगते. फिरायला नेऊ नका असे माझे म्हणणे नाही. पण तिच्या पाण्याची काळजी तिच्या शालीइतकीच घ्या.

मग खावे कुठे?

माझी कसोटी साधी आहे. जिथे शेगडी दिसते, तवा तापलेला असतो आणि गिऱ्हाइकांची ये-जा सतत असते, तिथे खावे. दरीकडे तोंड करून बसवलेल्या काचेच्या हॉटेलात मेनूकार्ड आठ पानांचे असते. त्यात पंजाबी, चिनी, दाक्षिणात्य आणि गुजराती असे सगळे असते. इतके पदार्थ रोज ताजे करणे कोणाला शक्य आहे? ग्रेव्ही सकाळी किंवा आदल्या दिवशी करून ठेवलेली असते आणि आयत्या वेळी ती गरम केली जाते. याउलट मॉल रोडच्या खालच्या अंगाला असलेल्या लोअर बाजारात, जिथे स्थानिक दुकानदार आणि कचेरीतले लोक जेवतात, तिथे चार-पाचच पदार्थ असतात आणि दुपारी केलेले दुपारीच संपतात. फार काळ उघड्यावर राहिलेल्या अन्नात जंतूंना वाढायला वेळ मिळतो. पातेले लवकर रिकामे झाले तर तो मिळत नाही. पदार्थ स्वस्त की महाग, याच्याशी याचा संबंध नाही.

मॉलवर बसायचेच असेल तर इंडियन कॉफी हाऊसमध्ये बसावे. कामगारांच्या सहकारी संस्थांनी चालवलेल्या या कॉफी हाऊसांची परंपरा जुनी आहे. गरम कॉफी, तव्यावरून थेट ताटात येणारा डोसा, आणि भोवती वर्तमानपत्र वाचत बसलेले सिमलेकर. प्रवासाने थकलेल्या पोटाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

तिथले पहाडी जेवण मात्र चुकवू नये. 'सिड्डू' नावाचा पदार्थ मिळतो. गव्हाचे पीठ आंबवून त्यात अक्रोड, खसखस किंवा उडदाचे सारण भरतात आणि तो वाफवून वर तूप घालून देतात. आपल्या पुरणाच्या दिंडांची ही लांबची बहीणच. वाफेवर शिजलेला, गरम गरम आणि तिखटजाळ नसलेला हा पदार्थ लहानमोठ्या सर्वांना चालतो. लग्नकार्यात पंगतीला वाढतात ते 'धाम' हे दुपारचे जेवण. त्यातले दही घालून शिजवलेल्या काबुली चण्यांचे 'मद्रा' आणि आंबटगोड 'खट्टा' काही छोट्या हॉटेलांतल्या थाळीतही असतात. मद्र्यात तूप सढळ असते. हृदयविकार असणाऱ्यांनी चव घ्यावी, वाटी दुसऱ्यांदा मागू नये.

राजमा-चावल तर तिथे सगळीकडे मिळतो, पण त्याबाबत एक इशारा. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी लवकर उकळते, सिमल्यात साधारण ९३ अंशांवरच. त्यामुळे उघड्या पातेल्यात कडधान्य शिजायला जास्त वेळ लागतो. राजमा अर्धवट शिजला असेल तर त्यातल्या एका नैसर्गिक विषारी द्रव्यामुळे काही तासांत उलट्या होऊ शकतात. म्हणून एक दाणा आधी दाताखाली दाबून बघावा. मऊ लोण्यासारखा असेल तर पोटभर जेवावे, मध्ये टणक लागला तर ताट बाजूला सारावे.

काही यात्रा कंपन्या आपला आचारी बरोबर नेतात आणि तिथेही वरण-भात वाढतात. लोक याची थट्टा करतात. मी करणार नाही. समोर शिजलेला गरम वरण-भात कुठेही चांगलाच. माझा आक्षेप आहे तो पहाटे डब्यात भरून दिलेल्या आणि दुपारी दोनला बसमध्ये उघडलेल्या बटाट्याच्या भाजीला. त्यापेक्षा दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि सोलून खाता येणारी केळी-संत्री बरोबर घ्यावीत. घाटातल्या वळणांनाही ती सोसतात. तेलकट पराठे खाऊन मोटारीत बसलेल्या माणसाचे हाल मी इथे वर्णन करत नाही.

कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळे, पाणीपुरी आणि बर्फ घातलेली सरबते या चार गोष्टी सहलीपुरत्या वर्ज्य समजाव्यात. चारही गोष्टींत न उकळलेले पाणी असण्याची शक्यता असते. मे-जूनमध्ये तिथे चेरी, आलुबुखार, जर्दाळू अशी फळे बाजारात येतात. ती जरूर घ्यावीत, पण खोलीवर नेऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन मगच खावीत. बुरांश या लाल पहाडी फुलाचे सरबतही तिथे मिळते. त्याची बंद बाटली विकत घ्यावी आणि घरी आल्यावर घरच्या पाण्यात करून प्यावे.

प्यावे काय?

गाळलेले पाणी, 'फिल्टर'चे पाणी आणि उकळलेले पाणी यांत मी उकळलेल्या पाण्यालाच पहिला क्रमांक देते. हॉटेलातले यंत्र शेवटचे कधी साफ झाले हे आपल्याला समजत नाही, उकळी मात्र डोळ्यांना दिसते. सपाटीवर खळखळून उकळल्यावर एक मिनिट पुरते. साडेसहा हजार फुटांच्या वर तीन मिनिटे उकळावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. सिमला त्याहून उंच आहे. विजेची छोटी किटली नेत असाल तर ती उकळी येताच आपोआप बंद होते, हे लक्षात ठेवून पुन्हा एक-दोनदा सुरू करावी. रात्री उकळलेले पाणी सकाळी स्टीलच्या बाटल्यांत भरले की दिवसाची सोय होते. बाटलीबंद पाणी घ्यावे लागलेच तर सील स्वतः तोडावे, आणि रिकामी बाटली दरीत भिरकावू नये.

सर्वांत निर्धोक पेय म्हणजे डोळ्यांसमोर उकळलेला चहा. याच राज्यातल्या कांगड्याचा चहा प्रसिद्ध आहे. घरी आणण्यासाठीही तो चांगला.

थंडीत अंगात ऊब यावी म्हणून काही पुरुष मंडळी ब्रँडीचा आधार घेतात आणि वर 'औषध म्हणून' असे सांगतात. औषधाचा व्यवसाय करणारी म्हणून मला हे स्पष्ट सांगायला हवे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, त्यामुळे ऊब जाणवते, पण शरीरातली उष्णता त्याच वाटेने बाहेर निघून जाते. थंडीवर उपाय म्हणजे कानटोपी आणि गरम सूप.

आणखी एक गोष्ट, खास भगिनींसाठी. थंडीत तहान लागत नाही, आणि वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल की नाही या धास्तीने बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. परतल्यावर लघवीला जळजळ आणि ताप घेऊन येणाऱ्या बायकांची संख्या थोडी नसते. सहलीचा कार्यक्रम ठरवणाऱ्या पुरुषांनी दर दोन-तीन तासांनी चांगल्या हॉटेलात चहासाठी थांबावे. चहा हे निमित्त, शौचालय ही खरी गरज.

मधुमेह असणाऱ्यांनीही जपावे. मॉल रोडवर सर्वसाधारण वाहनांना बंदी आहे, त्यामुळे चढ-उतारावर बरेच चालणे होते. गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतले, जेवण मात्र बर्फाच्या डोंगरांचे फोटो काढताना दोन तास लांबले, की साखर एकदम उतरते. घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर आधी साखर खावी, फोटो नंतर काढावा. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी.

जाखू टेकडीवर मारुतीच्या दर्शनाला जाताना मात्र हातात खाण्याचे काहीही नको. तिथली माकडे पिशवी आणि चष्मा दोन्ही हिसकावतात. माकड चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. गावी जाऊन बघू, असे म्हणू नये.

परत आल्यावर

जुलाब लागलेच तर जलसंजीवनीची पुडी जवळ असावी. ती नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट द्यावे. शौचात रक्त, चढता ताप किंवा लहान मुलाला सुस्ती दिसली, तर सहल तिथेच थांबवून डॉक्टर गाठावा.

सहलीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत भूक गेली, मळमळू लागले, लघवी गडद पिवळी झाली, तर डॉक्टरांना सहलीची तारीख सांगा. माळ घालणे, हातावर डाग देणे, नाकात थेंब सोडणे या वाटेला जाऊ नका. यकृत आधीच आजारी असते, त्यावर अनोळखी औषधांचा भार कशाला? घरात कोणी गरोदर असेल तर एक दिवसही थांबू नये. हिपॅटायटिस ए वर लस मिळते. वारंवार प्रवास करणाऱ्यांनी तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

शेवटी एक मागणी. हॉटेलवाले खोलीचे दर दारावर लावतात. त्याच पाटीखाली दोन ओळी जास्त लिहायला काय हरकत आहे: पिण्याचे पाणी कुठले, आणि टाकी शेवटची कधी धुतली. सिमल्यात हे व्हावे, तसेच आपल्या महाबळेश्वर, पाचगणी आणि लोणावळ्यातही व्हावे. कायद्याची वाट बघण्याची गरज नाही. खोली ठरवताना दहातल्या पाच कुटुंबांनी जरी हा प्रश्न विचारला, तरी पाट्या लागतील. दुरून डोंगर साजरे, हे आपले पूर्वज सांगून गेले आहेत. जवळ गेल्यावरही ते साजरे वाटावेत, यासाठी आपल्या हातात एवढेच आहे, की निघण्यापूर्वी हॉटेलला जो फोन करू, त्यात "खोलीतून बर्फ दिसतो का?" याच्या आधी "पाणी उकळून देता का?" हे विचारावे.